पट्ट्यासाठी रोखे निघत नाहीत

चंद्रशेखर वेंकट रमण काही काळ नागपुरात राहून गेले, हे शहरातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. आणि ज्यांना ठाऊक असते त्यांनाही ते येथे नेमके कशासाठी आले होते हे सांगितले की थोडे हसू येते. १९०७ साली वित्त सेवेच्या परीक्षेत पहिले येऊन ते कलकत्त्याला सरकारी हिशेबाच्या नोकरीत रुजू झाले, १९०९ मध्ये चलन अधिकारी म्हणून रंगूनला गेले आणि १९१० मध्ये त्यांची बदली नागपूरला झाली. पुढच्याच वर्षी ते कलकत्त्याला परतले. नोबेल पारितोषिक वीस वर्षे दूर होते. ज्यांच्या नावाने आपल्या शहरात विज्ञान केंद्र उभे आहे ते गृहस्थ या शहरात सरकारी पैशाचा हिशेब पाहायला आले होते, ही गोष्ट मला फार आवडते. त्यात माझा स्वार्थ एवढाच की माझाही उभा जन्म लेखा विभागात जमा-खर्चाची पाने तपासण्यात गेला.

हे सगळे आठवण्याचे कारण म्हणजे आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळात गेल्या महिन्यात झालेला एक वाद. पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या आमच्या एका सरांनी अशी कल्पना मांडली की, रमण विज्ञान केंद्राच्या विस्तारासाठी महानगरपालिकेने रोखे काढावेत, म्हणजे ठरावीक मुदतीचे, व्याजाचे कर्ज घ्यावे, ते रोखे नागपूरकरांनीच विकत घ्यावेत आणि आपल्या शहराच्या विज्ञानासाठी आपणच पैसा उभा करावा. सर बोलत होते तोपर्यंत सगळ्यांनी माना डोलावल्या. मग पोह्याच्या गाडीपाशी आमच्यातल्या एकाने, तर्रीचा चमचा हातात धरून, विचारले, "काहून सर, अर्धं शहर नळाची पट्टी भरत नाही, अन् तुम्ही बाँड विकायले निघाले?" त्यावर जे हसणे झाले त्यात कल्पना वाहून गेली. मी मात्र घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो, कारण दोघांचेही म्हणणे मला अर्धे-अर्धे पटले होते.

प्रथम एक गोष्ट नोंदवली पाहिजे. नागपूर महानगरपालिकेला रोखे नवीन नाहीत. देशात महापालिकेच्या रोख्यांची सुरुवात १९९७ साली बंगळुरूने केली. १९९८ मध्ये अहमदाबादने राज्य सरकारची हमी न घेता १०० कोटी रुपये उभे केले. १९९९ मध्ये आपल्या राज्यात नाशिकने तीच वाट धरली आणि २००१ मध्ये नागपूरने पाणीपुरवठ्यासाठी ५० कोटी रुपयांचे रोखे काढले. त्यानंतर बराच काळ या बाजारात शांतता होती. २०१५ मध्ये शेअर व रोख्यांच्या बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने महापालिकांच्या रोख्यांसाठी स्वतंत्र नियम केले, २०१७ मध्ये पुण्याने चोवीस तास पाणी योजनेसाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटी रुपये घेतले आणि पुन्हा हालचाल सुरू झाली. पुण्याचे रोखे संस्थांनी घेतले. तुमच्या-माझ्यासारख्याला तेथे जागा नव्हती. ती जागा केली इंदूरने. २०२३ च्या फेब्रुवारीत इंदूर महापालिकेने जलूद येथील सौरऊर्जा प्रकल्पासाठी २४४ कोटींचे रोखे थेट जनतेला विकले, व्याज ८.२५ टक्के, सहामाही, आणि एका रोख्याचे दर्शनी मूल्य १,००० रुपये. नर्मदेचे पाणी उपसून शहरापर्यंत आणायला लागणाऱ्या विजेचे बिल त्या प्रकल्पामुळे कमी होणार होते, म्हणजे परतफेडीचा पैसा कोठून येणार हे पत्रकातच दिसत होते.

आमच्या सरांच्या कल्पनेची खरी परीक्षा येथेच होते. पाण्याचे मीटर असते, पाण्याची पट्टी असते, पंपाचे वीजबिल असते. त्यातला फरक मोजून हप्ता भरता येतो. विज्ञान केंद्राच्या दारात तिकिटाची खिडकी असते एवढेच. समजा, विस्तारासाठी २० कोटी रुपये ८ टक्के दराने १० वर्षांच्या मुदतीवर घेतले. समान हप्ता धरला तर वर्षाला २ कोटी ९८ लाख रुपये फेडावे लागतील आणि दहा वर्षांत मुद्दल व व्याज मिळून पावणेतीस कोटींच्या वर रक्कम जाईल. तिकीट १०० रुपये धरले, तरी केवळ हप्त्यासाठी वर्षाला सुमारे ३ लाख माणसे, म्हणजे एकही सुट्टी न घेता दररोज आठशेहून अधिक माणसे लागतील. त्यानंतर पगार, वीज, झाडलोट आणि पाण्याची टाकी. शिवाय ज्या मुलांसाठी हे सगळे करायचे त्यांच्यापैकी महापालिकेच्या शाळेतील मुलांना १०० रुपयांचे तिकीट लावायचे का, हा प्रश्न उरतोच. माझ्या मते उत्तर सरळ आहे. तिकिटाच्या भरवशावर विज्ञान केंद्रासाठी कर्ज काढू नये; आणि कोणी प्रकल्प अहवालात तसे आकडे दाखवले, तर त्याने पाहुण्यांची संख्या उत्तरापासून मागे मोजत आणली आहे असे खुशाल समजावे. असे अहवाल मी नोकरीत पुष्कळ पाहिले आहेत.

मग हप्ता भरायचा कोणी? अमेरिकेत याचे उत्तर मतपेटीतून घेतात. सॅन फ्रान्सिस्कोमधील कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेस या जुन्या विज्ञान संग्रहालयाच्या इमारतींचे १९८९ च्या भूकंपात नुकसान झाले. त्यानंतर शहराने १९९५ मध्ये तेथील मत्स्यालयासाठी आणि मार्च २००० मध्ये नव्या इमारतीसाठी ८ कोटी ७४ लाख डॉलरचे रोखे काढावेत का, असे मतदारांना विचारले, आणि दोन्ही वेळा मतदारांनी हो म्हटले. अशा रोख्यांची परतफेड शहराच्या मालमत्ता करातून होते, त्यामुळे मत देणाऱ्याला हे ठाऊक असते की आपण आपल्याच घरपट्टीत भर घालत आहोत, आणि म्हणूनच तेथे साधे बहुमत पुरत नाही, दोन-तृतीयांश मते लागतात. २००८ च्या सप्टेंबरात ते संग्रहालय नव्या इमारतीत उघडले. एकूण खर्च जवळजवळ ४९ कोटी डॉलर झाला, म्हणजे रोख्यांचा वाटा लहानच होता आणि मोठा भाग देणग्यांतून आला. त्याच उद्यानात समोरासमोर असलेल्या डी यंग या कलासंग्रहालयासाठी मात्र १९९६ आणि १९९८ अशी दोनदा मते मागितली गेली आणि दोन्ही वेळा बहुमत असूनही दोन-तृतीयांशाची रेघ थोडक्यात चुकली. शेवटी ती इमारत देणगीच्या पैशावर उभी राहिली. एकाच बागेतील दोन शेजारी, एकाला शहराने हो म्हटले आणि दुसऱ्याला दोनदा नाही. लोकांना विचारले की असे होते.

आपल्याकडे असे विचारण्याची पद्धत नाही. महापालिकेची सर्वसाधारण सभा ठराव करते, ती नसेल तेव्हा प्रशासक करतो, राज्य सरकार परवानगी देते, पतमानांकन, म्हणजे कर्ज फेडण्याच्या ऐपतीची तपासणी, होते आणि रोखे निघतात. ज्याच्या घरपट्टीतून हप्ता जाणार त्याला बहुधा वर्तमानपत्रातून कळते. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाख ५ हजार होती. मघाचा २ कोटी ९८ लाखांचा हप्ता त्यावर वाटला तर माणशी वर्षाला साडेबारा रुपयेही होत नाहीत. एवढ्या पैशांत आमच्या गाडीवर अर्धी प्लेट पोहे येत नाहीत, आणि हे मी तेथे सांगितले तेव्हा मघाचे तर्रीवाले मित्र म्हणाले, "बारा रुपये देतो मी, पण पावती पाह्यजे." हा विनोद होता, तरी मागणी गंभीर आहे असे मला वाटते. पावती म्हणजे या पैशातून काय बांधले, ते किती वर्षे टिकेल आणि ते कोणाचे, याचा लेखी जबाब.

"ते कोणाचे" या प्रश्नावर नागपूरच्या बाबतीत गाडी अडते. रमण विज्ञान केंद्र ७ मार्च १९९२ रोजी सुरू झाले आणि तेथील तारांगण ५ जानेवारी १९९७ रोजी. हे केंद्र राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेचे आहे. परिषदेचे मुख्यालय कोलकात्यात, मंत्रालय दिल्लीतले संस्कृती मंत्रालय आणि आपले केंद्र मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या अखत्यारीत. या रचनेला मी नावे ठेवणार नाही, कारण तिच्यामुळेच गेली तीसहून अधिक वर्षे विदर्भातील शाळांच्या सहलींना शुक्रवारी तलावाच्या काठी एक हक्काचे ठिकाण मिळाले. बाहेरच्या बागेतील प्रागैतिहासिक प्राणी पाहिले नाहीत असा नागपूरचा तिशीतला माणूस विरळा. परंतु लेखाधिकाऱ्याच्या नजरेने पाहिले तर महानगरपालिकेने स्वतःच्या नावावर कर्ज घेऊन केंद्र सरकारच्या मालमत्तेवर इमारत बांधणे म्हणजे भाडेकरूने कर्ज काढून घरमालकाचा मजला चढवण्यासारखे आहे. घर सुंदर होईल, त्यात सगळे राहतीलही. पण ताळेबंदात कर्ज एकाच्या आणि मालमत्ता दुसऱ्याच्या रकान्यात बसेल. रोखे घेणारी संस्था पहिला प्रश्न हाच विचारील.

यातून वाट नाही असे नाही. पिंपरी-चिंचवडचे सायन्स पार्क महापालिका आणि राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद यांच्या सहकार्यातून २०१३ मध्ये उभे राहिले: तेथे महापालिका घरात आहे आणि परिषदेचे ज्ञान कामी आले आहे. नागपूरने काही करायचे असेल तर याच धर्तीवर करावे. जुन्या केंद्राला हात न लावता, महापालिकेने स्वतःच्या जागेवर, स्वतःच्या मालकीचे नवे दालन उभारावे. प्रदर्शने मांडण्याचे काम ज्यांना ते येते त्या परिषदेकडे करारावर द्यावे. आणि रोख्यांचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवून त्यातून त्या दालनाखेरीज एक रुपयाही बाहेर काढता येणार नाही अशी अट घालावी.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो तिच्याकडे येतो. मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी नातीला घेऊन दुसऱ्या एका शहरात गेलो होतो. तेथील विज्ञान संग्रहालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण तक्रार करण्याचा माझा हेतू नाही. इमारत देखणी होती, काचेचे उंच दार, ग्रॅनाइटची फरशी, उद्घाटनाची कोनशिला तर इतकी मोठी की तिच्यासमोर उभे राहून लोक छायाचित्रे काढत होते. आत एक प्रयोग होता: हाताने चाक फिरवायचे, रबरी पट्ट्याने दुसरे लहान चाक फिरते, त्यावर जोडलेला जनित्राचा छोटा डबा वीज तयार करतो आणि समोरचे तीन दिवे एकामागून एक लागतात. तिसरा दिवा लावायला किती जोर लागतो हे मुलाच्या दंडाला कळावे, हे त्या प्रयोगाचे सगळे मर्म. नातीने मूठ धरली आणि चाक फिरवले. ते अगदी सहज, गरगर फिरले. दिवे लागले नाहीत. तिने आणखी वेगाने फिरवले. मी वाकून पाहिले तर पट्टा नव्हता. दोन चाकांच्या खाचांमध्ये धूळ बसली होती आणि मूठ मात्र हजारो हातांनी गुळगुळीत झाली होती. म्हणजे पट्टा गेल्यानंतरही मुले तेथे येत होती, चाक फिरवत होती आणि दिवे लागत नाहीत असे पाहून पुढे जात होती.

जवळच खुर्चीवर एक कर्मचारी बसले होते. त्यांना विचारले तर ते संकोचून म्हणाले, "काका, पट्टा दोनशे रुपयांचा आहे. मी माझ्या खिशातून एकदा आणून लावला पण. पण दर दोन-तीन महिन्यांनी तुटतो हो, अन् दुरुस्तीच्या शीर्षात पैसेच नाहीत." नात मला म्हणाली, "आबा, हे खेळणं खोटं आहे का?" मी तिला पट्ट्याचे समजावून सांगितले; ते तिला पटले की नाही मला कळले नाही, कारण तोवर ती शेजारच्या आरशाकडे निघून गेली होती.

त्या कर्मचाऱ्याने उच्चारलेला 'शीर्ष', म्हणजे अंदाजपत्रकातले खर्चाचे खाते, हा शब्द माझ्या डोक्यात राहिला, कारण माझी सगळी नोकरी त्या शब्दात गेली आहे. सरकारी हिशेबात भांडवली खर्च वेगळा आणि महसुली खर्च वेगळा. इमारत, जमीन, यंत्र हे एका बाजूला, आणि पट्टा, दिवा, वंगण, पगार हे दुसऱ्या बाजूला. रोख्यांचा पैसा पहिल्या बाजूला जातो आणि तो तेथेच जावा हे योग्य आहे, कारण दोन-तीन महिन्यांत तुटणाऱ्या वस्तूसाठी दहा वर्षे व्याज भरणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल. पण विज्ञान संग्रहालय हे पाण्याच्या टाकीसारखे नसते. टाकी बांधून झाली की ती वीस-तीस वर्षे आपले काम करत राहते. विज्ञान संग्रहालयात दर मिनिटाला कोणीतरी काहीतरी ओढतो, दाबतो, फिरवतो, त्यावर लोंबकळतो, आणि त्याने तसे करावे म्हणूनच ते मांडलेले असते. अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ पासूनच्या आपल्या मध्यवर्ती संग्रहालयात, वस्तूला हात लावू नये असा नियम आहे आणि म्हणून तेथील शिळा टिकतात. विज्ञान केंद्रात हात लावावा हाच नियम आहे, त्यामुळे तेथे वस्तू झिजणे हे केंद्र नीट चालल्याचे लक्षण मानले पाहिजे.

म्हणून कशावर कर्ज काढावे याची यादी करताना मी प्रत्येक वस्तूपुढे तिचे आयुष्य लिहीन. इमारत पन्नास वर्षे टिकेल. तारांगणाचा घुमट तीस-चाळीस. त्यांच्यासाठी दहा वर्षांचे कर्ज योग्य, कारण आज चौथीत असलेल्या मुलाच्या मुलालाही त्यांचा उपयोग होईल, म्हणजे कर्ज फिटल्यावरही त्या कामाच्या उरतील. पण त्या घुमटाखालच्या डिजिटल प्रोजेक्टरचे काय? लेझर प्रोजेक्टरच्या प्रकाशस्रोताचे आयुष्य साधारण २०,००० तास सांगितले जाते. दिवसाला आठ तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर ते आठ-साडेआठ वर्षांत संपते. मुदत दहा वर्षांची असेल तर शेवटचे दीड वर्ष आपण विझलेल्या प्रोजेक्टरचे हप्ते भरत असू. दुसरा प्रोजेक्टर घ्यायला तेव्हा पैसा कोठून आणणार? पुन्हा रोखे? अशा वस्तू पाच वर्षांच्या मुदतीत बसवाव्यात किंवा अनुदानातून घ्याव्यात. लहान प्रयोग, पट्टे, दिवे, आरसे यांच्यासाठी कर्ज काढूच नये. त्यांच्यासाठी रोखे काढण्याच्या आधी, त्याच ठरावात, वेगळा देखभाल निधी बांधावा, ज्याचे मुद्दल बँकेत राहील आणि व्याजातून केंद्रातल्या तंत्रज्ञाला निविदेची वाट न पाहता दोनशे रुपयांचा पट्टा त्याच दुपारी आणता येईल.

पुण्याला २०० कोटींच्या रोख्यांवर शहरांच्या पाणीपुरवठ्यासारख्या कामांसाठीच्या केंद्राच्या अमृत योजनेतून दर १०० कोटींमागे १३ कोटी, असे २६ कोटी रुपये प्रोत्साहन म्हणून केंद्राकडून मिळाले होते. विज्ञान दालनाला असे प्रोत्साहन मिळेल अशी आशा धरून मी हिशेब मांडणार नाही. पण ज्या कोणाला मिळेल त्याने ते पहिल्या वर्षीच्या समारंभात न संपवता याच देखभाल निधीत घालावे.

आता परतफेडीबद्दल थोडे. १९९८ मध्ये अहमदाबादने रोख्यांना तारण म्हणून जकातीचे उत्पन्न बाजूला काढून ठेवले होते. २००७ मध्ये गुजरातमधून जकातच गेली. त्या रोख्यांची मुदत त्याआधी संपली म्हणून बरे. आपल्याकडेही जकात नाके गेले, त्यामागून आलेला स्थानिक संस्था करही गेला, आणि महापालिकेच्या हातात खात्रीचे असे मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि राज्याकडून येणारी भरपाई एवढेच राहिले. त्यातल्या राज्याच्या वाट्यावर आपला ताबा नाही. म्हणून मालमत्ता कराचा एक ठरावीक, लहान हिस्सा दर महिन्याला आपोआप परतफेडीच्या खात्यात जाईल, आणि उरलेलाच महापालिकेच्या तिजोरीत येईल, अशी व्यवस्था असल्याखेरीज मी स्वतः हा रोखा घेणार नाही. तर्रीवाल्या मित्राच्या शंकेलाही हेच उत्तर आहे: अर्धे शहर पट्टी भरत नसेल तर उरलेल्या अर्ध्यातून आधी हप्ता निघाला पाहिजे, रस्त्यावरचे दिवे आणि गणेशोत्सवाचे मंडप त्यानंतर.

शहराला अशा कामात पैसा घालण्याची सवय नाही, असे आमच्या मंडळात काहींचे म्हणणे पडले. यावर मला विज्ञान केंद्राच्या परिसरातलीच एक जुनी गोष्ट आठवते. जमशेटजी टाटांनी १८७४ साली कंपनी काढली आणि १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, ती तलावाजवळची दलदलीची जमीन भरून काढून. त्या वेळी त्यांनी येथील एका मारवाडी सावकाराकडे भांडवल मागितले, तेव्हा जो माणूस खड्ड्यात सोने ओततो त्याला मी पैसे देणार नाही, असे त्याने उत्तर दिले, अशी गोष्ट सांगितली जाते. मिल चालली, नफा वाटू लागली, तेव्हा तोच सावकार म्हणाला की, माझी चूक झाली, यांनी मातीत सोने घातले नाही, माती घालून सोने काढले. ही गोष्ट लोक जमशेटजींच्या दूरदृष्टीसाठी सांगतात. मला मात्र त्या सावकाराबद्दलही आदर वाटतो. त्याने जमीन पाहिली, दलदल पाहिली, समोरच्याचा उत्साह पाहिला आणि आपला पैसा परत कसा येणार हे न दिसल्यामुळे नाही म्हटले. चूक झाल्यावर ती उघड कबूलही केली. महापालिकेच्या रोख्याकडे नागपूरकराने याच सावकाराच्या डोळ्यांनी पाहावे, फक्त दलदल भरली जात असताना एकदा पुन्हा जाऊन बघावे.

सरांना हा सगळा हिशेब मी दाखवला. त्यांनी चष्मा वर करून दोन्ही पाने वाचली, २० कोटींच्या जागी १२ कोटींत दालन बसवता येईल असे सुचवले आणि प्रोजेक्टरचा मुद्दा मान्य केला. देखभाल निधीवर मात्र ते म्हणाले की, अशा निधीकडे पुढारी उगाच डोळे लावून बसतात. ते खरे आहे, आणि त्यावर ठरावातल्या अटीपलीकडे माझ्याकडे उपाय नाही. माझी पोस्टातली एक ठेव येत्या मार्चमध्ये मुदत पूर्ण करते. कधीकाळी असे रोखे निघालेच, हजार रुपयांचे, इंदूरसारखे, तर नातीच्या नावाने दहा घेण्याची माझी तयारी आहे. पत्रक हातात आले की व्याजदराचे पान मी नंतर पाहीन. आधी पट्ट्याचा पैसा कोणत्या पानावर लिहिला आहे ते शोधीन.